फ्रीझरमधली शाळा

२०१७ साली गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला आली होती. आमचा गणपती दीड दिवसाचा. लेकीने मातीची, जरा एका बाजूला कललेली मूर्ती केली होती. त्याच रात्री हार्वे चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्याला रॉकपोर्टजवळ धडकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाल्कनीत बादली ठेवून विसर्जन करताना नवरा म्हणाला, "यंदा नदीवर कोण जातंय, नदीच घरी येईल असं दिसतंय." आम्ही हसलो. ते हसणं पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. पण हा अंक भारतातल्या आईवडिलांकडेही जातो, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या हॅरिस काउंटीवर चार दिवसांत सरासरी ३३ इंचांच्या वर पाऊस पडला. आमच्या सांगलीत अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. शहराच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर नावाचे दोन लांबलचक मातीचे बांध आहेत. १९२९ आणि १९३५च्या पुरांनंतर ह्यूस्टन वाचवण्यासाठी लष्कराच्या इंजिनिअर खात्याने ते १९४०च्या दशकात बांधले. एरवी आत पाणी नसतंच. बागा आणि सायकलचे रस्ते आहेत. आम्ही तिथे कितीदा फिरायला गेलो होतो, पण आपण धरणाच्या पोटात फिरतोय हे कधी डोक्यात आलं नव्हतं. २८ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर या बांधांतून पाणी सोडायला सुरुवात झाली आणि खालच्या अंगाला, बफेलो बायूच्या काठावर, पावसातून वाचलेली घरंसुद्धा पाण्यात गेली.

'पाणी सोडलं' हे शब्द ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. सांगलीच्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलं, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं, हे आमच्याकडे पावसाळ्यात 'जेवलात का?' इतक्या सहजपणे विचारतात.

आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं, म्हणून वाचलो. खाली दोन्ही गाड्या बुडाल्या, पण घर कोरडं होतं. आजूबाजूला सगळं भिजलेलं असताना कोरड्या घरात बसून चहा प्यायची लाज वाटते, हे मी तेव्हा शिकले.

शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक अमेरिकन शिक्षिका राहत होत्या. दोन मैलांवरच्या एका छोट्या ख्रिस्ती शाळेत त्या पहिलीला शिकवत. पाणी उतरल्यावर त्यांनी माझं दार वाजवलं आणि विचारलं, "तुझ्याकडे मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या आहेत का?" मी पिशव्या दिल्या आणि म्हटलं, "मीही येते."

खरं सांगायचं तर त्यात परोपकार कमी आणि स्वार्थ जास्त होता. मी सांगलीत सात वर्षं शिक्षिका होते. एम.ए. करून शाळेत लागले, ती लग्नानंतरही शिकवत होते. नवऱ्याबरोबर इथे आले आणि कागदोपत्री 'डिपेंडंट' झाले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. लेकीला शाळेत सोडून परत येताना कॉरिडॉरमधून येणारा पाढ्यांचा आवाज ऐकला, की पाय रेंगाळायचे. कुणीतरी कुठल्याही कारणाने शाळेत बोलावतंय, एवढंच मला ऐकू आलं.

४ सप्टेंबरला, लेबर डेच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं मास्क आणि रबरी बूट घालून तिथे पोचलो. शाळा शेजारच्या वस्त्यांपेक्षा जरा चढावर असल्याने तिथलं पाणी आदल्या दिवशी उतरलं होतं. आत कमरेएवढ्या उंचीवर भिंतीला तपकिरी रेघ होती. वास तोच होता. कृष्णेचा असो की बायूचा, पुराचा वास एकच.

बाकी सगळं मात्र वेगळं होतं. आमच्याकडे पूर ओसरला, की दगडविटांच्या भिंती धुवायच्या, गाळ काढायचा, ऊन खाऊ द्यायचं. इथल्या भिंती म्हणजे लाकडी खांबांवर ठोकलेले जिप्समचे पत्रे. ते पाणी शोषून घेतात आणि दोन-तीन दिवसांत आतून बुरशी धरतात. त्यामुळे जमिनीपासून चार फुटांवर सरळ रेघ मारायची आणि खालचा भाग सगळा तोडून टाकायचा. चार फूटच का, तर नवा पत्रा चार फुटी येतो, जोड नीट बसतो. मग आतलं ओलं, गुलाबी कापसासारखं इन्सुलेशन ओढून काढायचं, एकेक खिळा उपटायचा, बुरशीनाशक मारायचं आणि पंखे लावून आतले खांब वाळवत बसायचं. ओल मोजायचं छोटं यंत्र असतं. त्याने होकार दिल्याशिवाय नवी भिंत लावायची नाही. घाई केली तर बुरशी भिंतीत कोंडली जाते.

सगळ्यात कठीण गेलं ते टाकणं. रस्त्याच्या कडेला ढीग लावायचे. भिंतींचा वेगळा, फर्निचरचा वेगळा, विजेच्या वस्तूंचा वेगळा. संध्याकाळपर्यंत शाळेसमोर माझ्या उंचीचा डोंगर झाला. त्यात बाकं, नकाशे, गोष्टींची पुस्तकं, पियानो.

दुसऱ्या दिवशी, ५ सप्टेंबरला, मी चूक केली. भारतात त्या दिवशी शिक्षक दिन, हे मला सकाळपासून आठवत होतं. अंगात उत्साह होता. पहिलीच्या वर्गात मी एकटीच होते. खालच्या फळीवर पुठ्ठ्याचा एक खोका पाणी पिऊन फुगला होता. आत चिखलात लडबडलेली कापडं. मी तो उचलला आणि ढिगावर नेऊन टाकला. तासाभराने शेजारच्या बाई आल्या, फळीकडे बघितलं आणि तशाच बाहेर धावल्या. त्या खोक्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं हाताने शिवलेली फेल्टची चित्रं होती. प्राणी, फळं, घरं, माणसं. मुलांना गोष्ट सांगताना फळ्यावर चिकटवायची.

मी रडवेली होऊन माफी मागितली. त्यांनी एक चिखलाने काळी झालेली मेंढी उचलली, बघितली आणि परत ठेवली. म्हणाल्या, "यात गटाराचं पाणी गेलंय. मीही हे टाकलंच असतं. पण मी माझ्या हाताने टाकलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मदत करणाऱ्याला वाटतं, आपण काम लवकर उरकतोय. ज्याचं गेलेलं असतं त्याला तेवढाच एक निरोपाचा क्षण उरलेला असतो, आणि आपण तो परस्पर उचलून रस्त्यावर टाकतो. त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय त्या शाळेतली पेन्सिलसुद्धा हलवली नाही.

त्याच दुपारी मुख्याध्यापिका बाई ऑफिसमध्ये एका स्टीलच्या कपाटापुढे उभ्या दिसल्या. चार कप्पे, खालचे दोन पूर्ण बुडालेले. आत प्रत्येक मुलाची फाइल. प्रगतिपुस्तकं, लसीकरणाच्या नोंदी, शिक्षकांचे शेरे. कॉम्प्युटर जमिनीलगत होता, तोही गेला होता. आठवीच्या मुलांना येत्या काही महिन्यांत हायस्कूलचे अर्ज भरायचे होते. बाई स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "हेही टाकावं लागणार."

या वेळी मी आधी विचारलं, "मी एक सांगू का?"

२००५च्या पुरात सांगलीचा गावभाग पाण्यात गेला, तेव्हा मी नुकती शाळेत लागले होते. आमच्याही शाळेत पाणी शिरलं होतं. पाणी उतरल्यावर हेडसर पहिल्यांदा बाकांकडे गेले नाहीत की प्रयोगशाळेकडे गेले नाहीत. म्हणाले, "जनरल रजिस्टर कुठंय ते बघा आधी. भिंत परत बांधता येते. जन्मतारीख परत लिहिता येत नाही." ज्याला शाळेचा दाखला लागतो त्याचं सगळं आयुष्य त्या एका ओळीवर उभं असतं. आम्ही चार शिक्षक आणि शिपाईमामा, वर्गात सुतळ्या बांधून पानं वाळवत होतो. पानापानात टाल्कम पावडर टाकत होतो. आठ दिवस शाळेला पावडरचा वास येत होता.

बाईंनी ऐकून घेतलं. पण इथे शंभर-सव्वाशे फाइली, दमट हवा आणि वाळवायला एक कोरडी खोलीसुद्धा नाही. तेव्हा ग्रंथालयात काम करणाऱ्या एका पालकांनी तोडगा सांगितला: गोठवा. ओला कागद गोठवला की बुरशी थांबते, शाई पसरत नाही. मग जसा वेळ मिळेल तसे थोडे थोडे कागद बाहेर काढून वाळवता येतात.

तर मग फ्रीझर पाहिजेत. रिकामे, मोठे आणि वीज असलेले.

आणि ते कुणाकडे असतात, हे मला पक्कं माहीत होतं! आपल्या मराठी घरांत. गॅरेजमधला तो दुसरा फ्रीझर, ज्यात खोवलेला नारळ, आमरसाचे डबे आणि पुरणाचे गोळे असतात. त्या वर्षी तर पुरामुळे मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम रद्द झालेला, त्यामुळे त्यासाठी केलेले मोदकही त्यातच पडून होते.

मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. दोन वहिनींनी लगेच 'हो' म्हटलं. मग एका ज्येष्ठ काकांचा मेसेज आला. "आपली सात-आठ घरं पाण्यात आहेत. आधी आपल्या लोकांचं बघा. त्यांना त्यांची चर्चेस आहेत." त्याच्या खाली तीन-चार जणांचे अंगठे. कुणी लिहिलं, गटाराच्या पाण्यातले कागद अन्नाच्या फ्रीझरमध्ये कसे ठेवायचे? कुणी त्याहून पुढे गेलं. ते इथे लिहीत नाही.

काकांचं म्हणणं मला सगळंच चुकीचं वाटलं नाही. आपली घरंही बुडाली होती आणि त्या घरांत आम्ही आधीचे चार दिवस होतो. पण एक गोष्ट ग्रुपवर नीट सांगता येत नव्हती. घर सहा महिन्यांनी उभं राहिलं तरी ते त्याच माणसाचं राहतं. छोट्या खासगी शाळेचं तसं नसतं. ती फीवर चालते. ह्यूस्टनच्या सरकारी शाळा ११ सप्टेंबरला उघडणार होत्या. या शाळेचे वर्ग लवकर भरले नाहीत, तर पालक मुलांना तिकडे घालणार, आणि एकदा गेलेली मुलं परत येत नाहीत. मग भिंती उभ्या राहिल्या तरी शाळा राहणार नव्हती. त्यातून शाळेने पुराचा विमा घेतलेला नव्हता. हा विमा इथे नेहमीच्या विम्यात धरत नाहीत, वेगळा घ्यावा लागतो, आणि नकाशावर शाळा पूररेषेच्या बाहेर होती.

रात्री आईचा फोन आला. मी तिच्यापुढे सगळं ओकले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "काय गं, तुझा जन्म कुठला?"

"मिरजेचा."

"मिरजेत कुठं?"

मिशन हॉस्पिटलमधला. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८९४ साली मिरजेत सुरू केलेलं ते हॉस्पिटल. आमच्या भागातल्या चार पिढ्यांना त्याचं वेगळं कौतुक करावंसंही वाटत नाही, इतकं ते घरचं आहे. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथलं, माझा जन्म तिथला. "तिथं आपल्याला कुणी विचारलं न्हवतं तुम्ही कोण म्हणून," आई म्हणाली. "डबे रिकामे करायला सांग बायकांना."

मी हे ग्रुपवर लिहिलं नाही. वाद वाढला असता. फक्त एवढंच लिहिलं, की प्रत्येक फाइल दोन झिप पिशव्यांमध्ये बंद असेल, फ्रीझरमध्ये दुसरं काहीही ठेवायचं नाही, आणि नंतर मी स्वतः येऊन तो पुसून देईन. पाच घरं तयार झाली. सहावा फोन काकांचा. "गॅरेजमधला मोठा रिकामा केलाय. पिशव्या मात्र डबल पाहिजेत." एवढं बोलून फोन ठेवला.

त्या आठवड्यात ह्यूस्टनमधल्या बऱ्याच मराठी घरांनी सकाळ-संध्याकाळ मोदक खाल्ले. कारण विचारू नये!

प्रत्येक पिशवीवर नंबर होता आणि कोणता नंबर कुणाच्या घरी, याची वही मुख्याध्यापिका बाईंकडे. पुढचे दोन महिने आम्ही पाच-सहा जणी बाईंच्या देखरेखीखाली थोड्या थोड्या फाइली वाळवत होतो. टिपकागद, पंखा, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे. मजकूर वाचायचा नाही असं ठरलं होतं. पण कागद सोडवताना डोळे मिटता येत नाहीत. एका शेऱ्यावर नजर गेली: 'हा मुलगा डाव्या हाताने लिहितो. बदलायला लावू नका.' कुठल्या वर्षीचा, कुठला मुलगा, मला माहीत नाही. त्या एका ओळीसाठी सगळा खटाटोप सार्थ वाटला. काही फाइली नाहीच वाचल्या. त्यांचा नुसता लगदा झाला होता. त्या मात्र बाईंनी स्वतःच्या हाताने टाकल्या.

१८ सप्टेंबरला, सोमवारी, शाळा उघडली. जवळच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चने आपला हॉल दिला होता. पडदे लावून वर्ग केले होते. एकीकडे पाढे, एकीकडे इतिहास, मधूनच कुणाचं तरी रडणं. मुलांची घरं बुडालेली, कुणी हॉटेलात, कुणी नातेवाइकांकडे. एक मुलगा आठवडाभर पाठीवरचं दप्तर काढायलाच तयार नव्हता. पण दहा वाजता दूध मिळत होतं, बारा वाजता डबे उघडत होते आणि तीनला घंटा होत होती. मुलं कशाने सावरतात, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, वेळापत्रकाने.

मी रोज दोन तास वाचनाला मदत करायला जायला लागले, बिनपगारी. नाव काय म्हणायचं असं मुलांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, आमच्याकडे शिक्षिकेला 'बाई' म्हणतात. तेव्हापासून मी हॉलमध्ये पाऊल टाकलं की पंधरा-वीस मुलं हात हलवून "बाय! बाय!" ओरडायची. आल्याआल्या निरोप देणारी जगातली एकमेव शाळा असावी ती.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आमची सकाळची प्रार्थना असते. तुला अवघडल्यासारखं होणार असेल तर तू नंतर ये." मी म्हटलं, "मी उभी राहीन." त्यांनी त्यांची प्रार्थना म्हटली, मी हात जोडून मनात माझी म्हटली. दोन वर्षांत या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

इमारतीला वेळ लागला. पालकांनी वर्गणी काढली, दुसऱ्या गावांतल्या शाळांनी बाकं पाठवली, सुतारकाम येणारे स्वयंसेवक ट्रक घेऊन आले. सरकारी मदतीचे फॉर्म भरताना बाईंचे डोळे पांढरे झाले. त्या काळात फेमाच्या नियमांत चर्चच्या इमारतींना पुनर्बांधणीची मदत बसत नव्हती. तो नियम जानेवारी २०१८मध्ये बदलला. पत्रे बसले, रंग झाला आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये शाळा आपल्या जागी परत गेली. त्या दिवशी मंडळाच्या बायकांनी जेवण नेलं. काकाही आले होते. त्यांनी रंगवलेल्या भिंतीवर बोटाने टकटक करून आवाज ऐकला आणि मान हलवली. आम्ही पहिलीच्या बाईंसाठी फेल्टचे तुकडे, कात्री आणि दोरे नेले होते. तयार चित्रं मुद्दामच नेली नाहीत. ती त्यांनीच शिवायची होती.

हे सगळं लिहायचं कारण २०१९चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २००५चा उच्चांक मोडला. आई-बाबांना शेजाऱ्यांच्या गच्चीवरून बोटीने काढलं, आणि मी इथे फोन हातात धरून बसले होते. सांगलीच्या बातम्या बघून मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "वाईट वाटलं" एवढं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य विचारलं, "काय हवंय, नेमकं सांग."

पैसे पाठवणं सोपं नव्हतं. परदेशातून शाळेला देणगी घ्यायची तर संस्थेकडे सरकारी परवानगी लागते. म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक यादी केली. पाणी उतरल्यावर शाळेने पहिल्या तीन आठवड्यांत काय करायचं. नोंदी आधी, बाकं नंतर. ओले कागद उलगडू नका, थंड ठेवा. काही टाकण्याआधी त्या वर्गाच्या शिक्षकाला दाखवा. जागा मिळेल तिथे, दोन तास का होईना, वर्ग भरवा. दुपारचं जेवण ठरल्या वेळी द्या. मी ती मराठीत लिहून माझ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. फ्रीझर कुठले, गावात वीजच नव्हती. पण तासगावकडच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्याने जागा दिली होती. तिथे बर्फ होत नाही, तरी बुरशी थोपून राहते. फोटोत बेदाण्याच्या खोक्यांशेजारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली रजिस्टरं होती. मी तो फोटो बाईंना दाखवला. त्यांनी 'बेदाणे' म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि खूप हसल्या. मग डोळे पुसले.

२०१९च्या सप्टेंबरमध्ये इमेल्डा वादळाच्या पावसाने ह्यूस्टनची पुन्हा झोप उडवली. आमच्या बाजूला फारसं काही झालं नाही. तरी मी शाळेत जाऊन आले. ऑफिसमध्ये तेच स्टीलचं कपाट आहे. फाइली आता सगळ्या वरच्या दोन कप्प्यांत आहेत. खालच्या दोन कप्प्यांत चेंडू आणि दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या.

या दिवाळीत तुमच्याही गॅरेजमधला फ्रीझर भरलेला असेल. भरलेलाच असावा. गरज पडली तर एका संध्याकाळीत रिकामा करता येतो, एवढं लक्षात असू द्या.